बहात्तर माणसांची पालिका

मसुराची आमटी आपल्या घरात आठवड्यातून एकदा तरी होते. ती डाळ कुठल्या शेतातून आली, हे सहसा कोणी विचारत नाही. पुष्कळदा ती कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातून आलेली असते. त्या देशातली बहुतेक मसूर या एकाच प्रांतात पिकते. माझी भाची तिथल्या रेजायना शहरात राहते. तिच्याकडे गेलो असताना एके दिवशी तिने आम्हा उभयतांना गाडीत बसवून प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नेले. "मामा, आज तुम्हाला काहीच नसलेली जागा दाखवते," ती म्हणाली.

खरोखरच काही नव्हते. गवत, कापणी झालेली शेते, काटकोनात वळणारे खडीचे रस्ते आणि न संपणारे आभाळ. बऱ्याच वेळाने समोरून एक गाडी आली. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलले. हा तिकडचा नमस्कार. ओळख असो वा नसो, तो करायचा.

या भागात ग्लेन मॅक्फर्सन नावाची एक ग्रामीण पालिका आहे. क्रमांक 46. क्षेत्रफळ सुमारे 847 चौरस किलोमीटर. 2016 च्या जनगणनेत लोकसंख्या 72. आपल्याकडे एका चाळीत याहून अधिक माणसे राहतात. कचेरी शेजारच्या मांकोटा गावात. अशा जवळजवळ तीनशे ग्रामीण पालिका या प्रांतात आहेत. विभागवार एकेक सभासद निवडून येतो आणि त्यांचा प्रमुख, ज्याला रीव्ह म्हणतात, त्याला सारे मिळून निवडतात. जमिनीवर कर बसवायचा, रस्ते राखायचे, हिवाळ्यात बर्फ हटवायचे, हा त्यांचा कारभार.

पालिकेचा आकार चौकोनी, कारण सारा प्रदेशच पट्टीने आखलेला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडले. नऊ चौकोनांची मिळून साधारण एक पालिका झाली. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर फी भरणाऱ्याला 160 एकर जमीन मिळू लागली. अट एवढीच की तीन वर्षे तिथे राहून ती कसायची. मात्र ही जमीन रिकामी होती, असे कोणी समजू नये. रानगव्यांच्या कळपांवर जगणारे क्री आणि इतर मूळ रहिवासी तिथे होते. 1874 चा करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत कळपही संपले. वाटपाची वही त्यानंतर भरली.

वही भरली, पण पाऊस तिच्याप्रमाणे पडला नाही. जॉन पॅलिसरने 1857 ते 1860 या काळात पाहणी करून हा टापू शेतीला कोरडा असल्याचे लिहून ठेवले होते. 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी ते खरे करून दाखवले. 1936 साली प्रांतात सुमारे 1 लाख 42 हजार शेते होती, 2021 मध्ये ती 34 हजारांवर आली. शेत मोठे झाले, यंत्र मोठे झाले, माणूस शहरात गेला. रूळांच्या कडेची धान्याची उंच लाकडी कोठारे पाडली गेली, काही शाळा बंद झाल्या.

मग हिशेबनीस पुढे होतो आणि विचारतो, बहात्तर माणसांसाठी पालिका कशाला? प्रश्न गैर नाही. माझे उभे आयुष्य तोच विचारण्यात गेले. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात 2013 साली कायदाच झाला की हजाराहून कमी वस्तीच्या पालिकांनी दुसऱ्यात विलीन व्हावे. 1 जानेवारी 2015 रोजी 197 च्या 137 उरल्या. सस्कॅचेवानमध्येही 2000 साली तशी सूचना आली, पण खेड्यांनी असा काही विरोध केला की ती गुंडाळून ठेवावी लागली.

तो विरोध निव्वळ हट्टाचा होता, असे मला वाटत नाही. 1914 साली याच प्रांतातल्या सार्निया या ग्रामीण पालिकेपुढे प्रश्न आला की डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात आहे. विखुरलेल्या, नडलेल्या शेतकऱ्यांच्या फीवर त्याचे भागत नव्हते. सभासदांनी त्याला पालिकेतून वर्षाला 1,500 डॉलर देऊ केले. दोन वर्षांनी, डॉक्टरसाठी कर बसवण्याची मुभा देणारा कायदा प्रांताने केला. 1946 साली याच नैर्ऋत्य भागातल्या स्विफ्ट करंट परिसरात सर्वांसाठी वैद्यकीय आणि रुग्णालयीन सेवेची योजना सुरू झाली. 1962 मध्ये डॉक्टरांचा तेवीस दिवसांचा संप पत्करून प्रांताने ती सगळ्यांना लागू केली आणि पुढे साऱ्या देशाने उचलली. कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना आज आजारपणात डॉक्टरचे बिल येत नाही, त्याच्या मुळाशी असा एक डॉक्टर राखण्याचा ठराव आहे.

तो ठराव राजधानीतून झाला नसता. एक डॉक्टर गेल्याची कळ राजधानीला लागत नाही. ती ज्यांना लागते त्यांच्या हाती कर बसवण्याचा अधिकार होता, म्हणून गोष्ट घडली. अधिकार लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, हे ऐकायला न्याय्य वाटते; पण लांब अंतर आणि विरळ वस्ती हीच जिथली अडचण आहे, तिथे कारभार आणखी दूर नेणे म्हणजे दुखण्यावर दुखणेच देणे. यंत्रे एकत्र घ्यावीत, कारकून वाटून घ्यावा, जमाखर्च जरूर तपासावा. ठराव करणारे टेबल मात्र तिथेच असावे.

हे मी सांगावे याला थोडे धाडस लागते. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावातली आमच्या बँकेची शाखा पाहायला मला पाठवले होते. ठेवी किती, थकबाकी किती, नोकरवर्गाचा खर्च किती, सारे दुपारी तीनपर्यंत उतरवून घेतले. शाखा परवडत नाही, तालुक्याच्या शाखेत विलीन करावी, असा शेरा मारून परतीची एस.टी. गाठली. तालुका बावीस किलोमीटरवर होता आणि दिवसाला दोनच गाड्या. अहवालात ते लिहायला रकाना नव्हता. शेरा मंजूर झाला, साहेबांनी पाठ थोपटली.

त्या अहवालाची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. कॅनडाहून परतल्यावर काढून वाचली. दोन पाने आहेत, आकडे बिनचूक आहेत. गावातल्या एकाही माणसाशी बोलल्याचा त्यात उल्लेख नाही.