पाचवीनंतरची मुलं

मूल रांगायला लागलं की आईला सल्ला द्यायला सगळं जग पुढे येतं. बाळगुटी कशी द्यावी, पायाला कुठलं तेल लावावं, किती महिन्यांनी बोलायला हवं, काही विचारू नका! आणि तेच मूल पाचवीत गेलं की सगळे चिडीचूप. मग एकच प्रश्न उरतो, "ट्यूशनला कुठे घातलंय?" माझी मोठी आता सातवीत आहे, धाकटा पाचवीत. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडासा हक्क मला आहे असं मी समजते.

आम्ही मूळचे गोव्याचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चौदा वर्षं राखोलीत आहोत. सिल्वासाच्या या बाजूला सूत आणि प्लास्टिकचे कारखाने, दमणगंगा, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं. दादरा नगर हवेलीचं आणि गोव्याचं नातं जुनंच आहे म्हणा. दोन्हीकडे पोर्तुगीज, इथून ते १९५४ मध्ये गेले आणि आमच्याकडून १९६१ मध्ये. पण मुलांना या इतिहासाशी काय देणं-घेणं? त्यांना भाषांशी होतं. मोठी दोन वर्षांची असताना माझ्याशी मराठी, आजीशी फोनवर कोंकणी, शेजारच्या मासीशी गुजराती आणि जिन्यात खेळताना हिंदी बोलायची. कुठली भाषा कुणासाठी हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं. नातेवाईक घाबरवायचे, मुलगी गोंधळेल, उशिरा बोलेल. ती मुळीच गोंधळली नाही. गोंधळ झाला तो पुढे शाळेत, सगळ्या भाषा बाजूला पडून एकटी इंग्रजी उरली तेव्हा.

लहानपणाच्या शिक्षणाबद्दल बोलायचं तर या भागात आम्ही फार नशीबवान आहोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जिथे काम केलं ते बोर्डी आणि कोसबाड इथून फार लांब नाही, डहाणू तालुक्यात. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, तिथला अनुभव घेऊन त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायका शाळाच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी वाटतो, पण त्याच्या मुळाशी हे खरंखुरं अंगण आहे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर शाळेला पाळणाघर जोडलं. खेळायला शंख-शिंपले, दगड, पानं, बिया. महागडी खेळणी परवडणारच नव्हती, आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही.

मला यातली पाळणाघराची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण तिथे कुणी मुलीला "तू हुशार नाहीस, तुला शिकायची आवड नाही" असं म्हटलं नाही. ती का येत नाही हे आधी बघितलं. आपण तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे सहज करतो. रडतंय, तर भूक लागली असेल, झोप आली असेल, पोट दुखत असेल, एकेक कारण शोधतो. बारा वर्षांची मुलगी दार लावून बसली तर मात्र म्हणतो, मोबाईलने बिघडली!

आता माझ्या घरात सध्या चाललेला वाद सांगते. मोठीला पुढच्या वर्षी एका क्लासमध्ये घालायचं की नाही? आठवीपासूनच इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेचा पाया. शाळा सुटल्यावर रोज तीन तास, रविवारी परीक्षा. नवरा म्हणतो, कॉलनीतली सगळी मुलं जातात, उद्या तिने विचारलं की मला का नाही पाठवलंत, तर? त्याची काळजी खोटी नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत शिकलेल्या माणसाचे आणि न शिकलेल्याचे किती हाल होतात यातला फरक तो रोज बघतो. शिवाय पाचवी आणि आठवीच्या परीक्षेचा बागुलबुवा आहेच. २०१९ मध्ये शिक्षणहक्क कायदा बदलला, नापास करायची मुभा परत आली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तसा नियमही काढला. तेव्हापासून धाकट्याच्या वर्गातल्या आया तर हवालदिलच झाल्या आहेत.

तरीही माझं मत नाही असंच आहे. कारण संध्याकाळचे ते तीन तास रिकामे नसतात. त्या वेळात ती भाजी निवडता निवडता वर्गातल्या मैत्रिणीने बोलणं टाकल्याचं सांगते. मला समोर बसवून विचारलं तर कधीच सांगणार नाही. आणि हे सगळं ती मराठीत सांगते! गणित इंग्रजीत, भांडण हिंदीत, पण मनाला लागलेलं मराठीत. ते तीन तास गेले की ही भाषाही जाईल, आणि भाषेबरोबर सांगणंही. चवथीला गोव्याला गेलो की माटोळी बांधताना आजी एकेका फळाचं नाव सांगते, ती नावं धाकटा अजून उत्साहाने घोकतो, मोठी हल्ली नुसती हसते. त्या हसण्याचीच मला थोडी भीती वाटते.

अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. शिक्षण त्यांनी त्यानंतर जिद्दीने पुरं केलं. तेरावं वर्ष म्हणजे जवळजवळ माझ्या मुलीचंच वय. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्यांना कुणी विचारलं होतं का, लग्न करायचंय का म्हणून?" मी म्हटलं, नसणार. तर म्हणाली, "मग क्लासचं मला विचारा की."

खरं आहे. आम्ही दोघं महिनाभर भांडतोय आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. या रविवारी नवऱ्याला सुट्टी आहे. क्लासवाल्यांनी पहिला हप्ता महिनाअखेर मागितलाय. तिने एका कागदावर दोन रकाने आखून ठेवलेत, जाण्याचे फायदे आणि न जाण्याचे. कागद फ्रीजवर चिकटवलाय, पण मला अजून वाचू देत नाही.