पंप वाटले, वायसर कोण देणार?



2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. दोष आमच्याच माथी आला: हातमोजे नव्हते, तोंड बांधले नव्हते! पाठीवर गळणाऱ्या पंपाचा पंचनामा झालेला आम्ही तरी पाहिला नाही.

2024 साली सरकारने कापूस-सोयाबीनच्या योजनेतून बॅटरीचे पंप दिले. पंप आला, वायसर, नोझल, बॅटरी मात्र तालुक्यात हिंडूनही मिळत नाही. पऱ्हाटीवर तुडतुडे आणि पंप खुंटीला!

तोवर आपले आपणच पाहू. 12 व्होल्टची शिशाची बॅटरी उन्हाळाभर उतरलेली ठेवली की मेली समजा. महिन्यातून एकदा चार्ज कराच. मोटर वाजते पण फवारा येत नाही? आधी जाळी आणि नोझल धुवा. नोझल तोंडाने फुंकू नका, जुना ब्रश वापरा. झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून आम्हीही भागवले आहे. पण औषधातल्या तेलाने ते रबर फुगते आणि पाठ पुन्हा ओली. तिथे अस्सल वायसरच पाहिजे.

पंप विकणाऱ्याने आणि वाटणाऱ्याने सुटे भाग तालुक्यातच ठेवावेत, भाव पावतीवर लिहावेत. जिल्हा बैठकीला येताना बंद पंप धुऊन सोबत आणा. कृषी कार्यालयाच्या ओट्यावर ओळीने मांडू.