वक्त्याचा पुरावा

सतरा सप्टेंबर जवळ आला की हदगावसारख्या तालुक्याच्या गावी शाळाशाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्रामावरील भाषणांची तयारी सुरू होते. तयारी म्हणजे बहुधा पाठांतर! गतवर्षीच्या वक्त्याची वही मिळवावी आणि तीतील आवेशपूर्ण वाक्ये घोकावीत. ही माहिती आली कोठून, असे कोणी विचारलेच, तर 'सगळेच असे सांगतात' हे उत्तर ठरलेले. ज्यास श्रोत्यांचे मत वळवावयाचे आहे, त्याने एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले 1897 साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांनी केलेल्या जुलमाच्या हकीकती मित्रांच्या पत्रांतून त्यांना कळल्या, व त्यांतील एक अत्यंत गंभीर आरोप त्यांनी तेथे जाहीरपणे मांडला. पुढे पुरावा मागितला गेला, तेव्हा साक्ष देण्यास कोणीच पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोक गांजले नव्हते असे नव्हे. परंतु साक्षीदारावाचून तक्रार लंगडी पडली.

तेच गोखले 1902 साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यांच्या हाती सरकारचेच हिशेब होते. तिजोरीतील शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून दरिद्री प्रजेवरील जादा कराचे फळ आहे, हे त्यांनी त्याच आकड्यांवरून दाखविले. ते आकडे नाकारणार कोण? 1903 साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. प्रतिपक्षाच्या दप्तरातील एक कागद मित्रांच्या दहा पत्रांहून वजनदार असतो, तो असा.

हदगावच्या मुलांनाही साधने फार दूर नाहीत. जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. तो काळ पाहिलेली वृद्ध माणसे विरळ होत चालली आहेत. त्यांची हकीकत आधी टिपावी. मात्र सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले की वडिलांकडून ऐकले, हेही वहीत लिहावे. माणसाची स्मृती प्रसंग सांभाळते, तारखा सांडते. तारीख छापील ग्रंथाशी ताडावी. निजामाच्या बाजूचे कागदही वाचावेत. पुष्कळांना हे रुचणार नाही, पण श्रोत्यांच्या शंका तेथूनच निघतात. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करली. मग सैन्याच्या या मोहिमेस लोक 'पोलीस ॲक्शन' का म्हणतात, असे एखाद्याने मध्येच उठून विचारले तर? हा परराष्ट्राशी संग्राम नसून देशांतर्गत बंदोबस्त आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती, हे घोकलेल्या वहीत सहसा लिहिलेले नसते.