ताईत की रक्त?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून खेळायचा कल्पनेतला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये आणला. त्यातले जादूगार पुतळे बनवून त्यांत जीव घालतात. त्यातल्या दोन पुतळ्यांबद्दल मला बोलायचंय.

पहिला शील्ड गार्डियन. धिप्पाड रक्षक, पण एका ताइताचा गुलाम. ताईत ज्याच्याकडे, तो मालक! बनवला कोणी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दुसरा इवलासा होमन्क्युलस. त्याच्या मातीत बनवणाऱ्याला स्वतःचं रक्त मिसळावं लागतं. मग दोघांची मनं जोडली जातात. बनवणारा मेला की तोही संपतो. २००३ च्या नियमांत तर पुतळा मेला की बनवणाराही जखमी होतो.

तुम्ही म्हणाल, गार्डियनच बरा. ताकद भरपूर, शिवाय मालकाचा अर्धा मार तोच झेलतो. खेळात ठीक आहे हो! पण इंजिनिअरने नियम पाळावा तो होमन्क्युलसचा. फायनल इयरचा रेडिमेड प्रोजेक्ट म्हणजे ताईतच की! पैसे मोजले, गळ्यात घातला, व्हायवा संपला, विषय संपला. आत काय आहे ते चौघांपैकी एकालाही ठाऊक नसतं.

उद्या हेच चौघे पूल बांधणार, ब्रेक डिझाइन करणार. तिथे काही मोडलं तर मार वापरणाऱ्यालाच बसतो. म्हणून मित्रांनो, सबमिशनआधी स्वतःला एवढंच विचारा: हे मोडलं, तर मला दुखेल का?