पाचटाचा धूर

कोरेगाव तालुक्यात उसाची तोड सुरू झाली की, शिवारात जागोजागी धूर दिसू लागतो. ऊस कारखान्याला जातो आणि वाळलेली पाने शेतात उरतात. या पानांना पाचट म्हणतात. पुष्कळ शेतकरी पाचट पेटवून देतात. पुढे उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत वाळते आणि वणवे लागतात.

हा धूर आपल्या गावापुरता आहे, असे आपल्याला वाटते. परंतु तो आकाशातूनही दिसतो. इन्सॅट-३डीएस हा भारताचा हवामान उपग्रह २०२४ साली सोडण्यात आला. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्या देशाकडे सतत पाहत असतो. दुसरे काही उपग्रह ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांची उपकरणे जमिनीची उष्णता मोजतात. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा ठिपका फार तापलेला दिसला की, तेथे आग आहे असे समजते. धूर चित्रात करड्या पट्ट्यासारखा दिसतो. एकामागून एक चित्रे पाहिली की, तो कोठून निघाला आणि कोठे चालला हे कळते. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून अशा माहितीवरून जंगलातील आगींच्या सूचना देत आली आहे.

मग उपग्रहांमुळे धूर थांबेल का? मला तसे वाटत नाही. ढग असले की उपग्रहाला जमीन दिसत नाही. लहान आग दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझूनही जाते. पंजाब आणि हरियाणात तर, उपग्रह दुपारी पुढे गेल्यानंतर धसकटे पेटवली जात असल्याचे २०२४ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. धाक चुकवता येतो. म्हणून माणसाला पटले पाहिजे.

शेतकऱ्याची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे. पाचटात उंदीर आणि साप लपतात. खोडव्याला पाणी देणे, मशागत करणे अवघड जाते. मजूर वेळेवर मिळत नाहीत. काडी ओढली की काम क्षणात होते. पण त्यात नुकसान किती होते! एका हेक्टरातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. ते सरीत पसरून कुजवले, तर जमिनीला खत मिळते, ओल टिकते आणि तण कमी उगवते. जाळले, तर जमिनीतील उपयोगी जीव मरतात. धुराने डोळे चुरचुरतात. लहान मुलांना, वृद्धांना आणि दम्याच्या रुग्णांना श्वास घेणे कठीण होते.

म्हणून केवळ शेतकऱ्याला दोष देऊन किंवा दंड करून भागणार नाही. पाचटाचे बारीक तुकडे करणारी यंत्रे त्याला कमी भाड्यात मिळाली पाहिजेत. हे काम साखर कारखाने आणि ग्रामपंचायती करू शकतात. उपग्रहाने टिपलेल्या आगींची माहिती ग्रामसभेत मांडावी. आग कोठे जास्त लागते हे कळले, तर मदत तेथे आधी पोहोचवता येईल.

विद्यार्थ्यांनीही घरी हा विषय काढावा. वडील, आजोबा किंवा शेजारचे काका यांच्याशी अदबीने बोलावे. निदान एका सरीतले पाचट यंदा जाळू नका, असे सांगावे. त्या सरीतली माती पुढच्या वर्षी स्वतःच उत्तर देईल.