इंग्रजीच्या तासाला थोडी हिंदी चालू द्या

जबलपूरच्या मराठी पालकांनो आणि इथे इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनो,

"मॅडम इंग्रजीच्या तासाला हिंदीत बोलतात," अशी तक्रार घेऊन शाळेत जाण्याआधी जरा थांबा. मॅडम हिंदी कशासाठी बोलतात, ते आधी पाहा.

नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. तेव्हा आणि नंतरही रेल्वे, हायकोर्ट, गन कॅरेज फॅक्टरी अशा ठिकाणच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी घरं इथे रुजली. या घरांतलं मूल आईशी मराठी बोलतं, गल्लीत हिंदी बोलतं, मित्रांची बुंदेली त्याला समजते. इंग्रजी मात्र त्याला बहुधा शाळेतच भेटते. त्याच्या शेजारच्या बाकावर मंडला-डिंडोरीकडचं, घरी गोंडी बोलणारं मूलही असू शकतं. अशा वर्गात पहिल्या मिनिटापासून निव्वळ इंग्रजी चालवली, तर चार मुलं उत्तरं देतात आणि बाकीची मान खाली घालून बसतात.

'द कॅट इज अंडर द टेबल' हे साधं वाक्य घ्या. मराठीत 'टेबलाखाली', हिंदीत 'मेज़ के नीचे'. दोन्हीकडे 'खाली' मागून येतं, इंग्रजीत 'अंडर' आधी येतं. बाईंनी एवढंच हिंदीत सांगितलं, की गाठ सुटते. मग दप्तर बाकाखाली, डबा दप्तरात, वही बाकावर ठेवून मुलांकडून इंग्रजी वाक्यं वदवून घ्या. अर्ध्या मिनिटाच्या हिंदीवर दहा मिनिटांची इंग्रजी उभी राहते. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर आपल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचा आधार घेऊनच. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये द्विभाषिक पद्धत मांडली, तीही अशीच: अर्थ मातृभाषेत सांगायचा आणि सराव भरपूर नव्या भाषेत करून घ्यायचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, घरची भाषा शिकवण्याच्या माध्यमाहून वेगळी असलेल्या मुलांसाठी शिक्षकांना दोन भाषा वापरायला प्रोत्साहन दिलं आहे.

पण शिक्षकहो, याचा अर्थ धडा ओळीओळीने हिंदीत सांगावा असा नाही. तसं केलं की मुलं इंग्रजी ओळ कानाआड करतात आणि हिंदीची वाट बघतात. मग प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेणं तेवढं उरतं. खरं नुकसान तिथे होतं. म्हणून हजेरी, रोजच्या सूचना, शाबासकी इंग्रजीतच असू द्या. रोज कानावर पडून इंग्रजी आपोआप अंगवळणी पडते. अवघड कल्पना, व्याकरणातला फरक, घाबरलेल्या मुलाला धीर देणं, यासाठी हिंदी खुशाल वापरा. गटात मुलांना हव्या त्या भाषेत चर्चा करू द्या, उत्तर मात्र इंग्रजीत मागा. मोडकंतोडकं आलं तरी ऐकून घ्या. वर्गातल्या सगळ्यांना हिंदी सारखीच येते असंही धरून चालू नका. गोंडी बोलणाऱ्या मुलाला चित्र दाखवा, वस्तू हातात द्या.

पालकहो, इंग्रजीच्या धास्तीने घरातली मराठी बंद करू नका. घरी 'ते पुस्तक चांगलं आहे' आणि शाळेत 'पुस्तक अच्छी है' म्हणणारं तुमचं मूल दोन भाषांचे वेगळे नियम आधीच सांभाळतंय. तिसरी भाषा शिकताना ही जाण त्याच्या कामी येते. इंग्रजी धड्यातली गोष्ट त्याला आजीला मराठीत सांगायला लावा. गोष्ट नीट सांगता आली, तर धडा समजला आहे.

मुख्याध्यापकांनो, वर्गात हिंदी बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा असेल, तर ती आजच बंद करा. दंडाच्या भीतीने मूल इंग्रजी बोलायला लागत नाही, बोलायचंच थांबतं.

आणि पुढच्या पालकसभेत आपण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारू या: "माझं मूल तासाला स्वतः इंग्रजीत किती वाक्यं बोलतं?" ती वाक्यं महिन्यागणिक वाढत असतील, तर मॅडमना त्यांची हिंदी निर्धास्त बोलू द्या.