दोष यंत्राचा की विलंबाचा?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत राहिले. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या राजभवनावर मारा करून त्याने कीर्ती मिळविली. पुढे ‘उडती शवपेटी’ ही अपकीर्तीही त्याच्याच वाट्याला आली. निरोपाच्या प्रसंगी कीर्तीचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच होय. अपकीर्तीचा हिशेब मात्र अजून नीट मांडला गेलेला नाही.

हा हिशेब महाराष्ट्राला परका नाही. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याहून त्र्यंबकमार्गे नाशिक ओलांडले की पुढे आग्रा रस्त्यावर ओझर लागते. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तेथे स्थापन झाला तो मिग-२१ बांधण्यासाठीच. ‘ओझर मिग’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१ कोसळून मृत्युमुखी पडलेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे मराठी घरातलेच. चूक वैमानिकाची, हा निष्कर्ष त्यांच्या मातापित्यांनी मान्य केला नाही. पुत्राच्या नावाने विमानसुरक्षेसाठी संस्था काढून त्यांनी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला: मुलाच्या हाती दिलेले यंत्र आणि त्याला दिलेले शिक्षण यांचा मेळ होता काय?

आकडे भयंकर आहेत. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक दगावले, अशी माहिती २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनीच संसदेत दिली. म्हणजे चाळीस वर्षे सरासरीने दर महिन्याला एक अपघात! तथापि, नुसत्या बेरजेवरून निवाडा करता येत नाही. जे विमान शेकड्यांनी विकत घेतले, दशकानुदशके हवाई दलाचा कणा म्हणून वापरले, त्याचे अपघात संख्येने अधिक दिसणारच. खरा प्रश्न, उड्डाणाच्या दर दहा हजार तासांमागे अपघात किती, हा आहे. छेदाशिवाय अंश सांगणे हा शाळकरी मुलाचाही गुन्हा ठरतो. पण सार्वजनिक चर्चेत तो सर्रास खपतो.

अमेरिकेच्या ऑस्प्रे विमानाची कहाणी येथे उद्बोधक आहे. पंखांच्या टोकांवरील इंजिने उभी करून हे विमान हेलिकॉप्टरसारखे जागच्या जागी वर चढते आणि ती आडवी करून विमानासारखे वेगाने जाते. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात उतरताना ते कोसळले आणि १९ सैनिक ठार झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी चौघे गेले, आणि देखभालीच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या हेही उघडकीस आले. ‘विधवा करणारे विमान’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचेच. उड्डाणतासांच्या हिशेबात आपले विमान इतरांहून फारसे वाईट नाही, असा बचाव तेथील मरीन दलाने पुढे वारंवार केला. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ दंतचक्राला तडा जाऊन ते समुद्रात पडले व आठजण बुडाले, तेव्हा अमेरिकेला आपला सारा ऑस्प्रे ताफा सुमारे तीन महिने जमिनीवर ठेवावा लागला.

या कहाणीतून घेण्यासारखा धडा निराळाच आहे. याकुशिमाच्या चौकशीचा अहवाल २०२४ साली जनतेपुढे ठेवला गेला. धोक्याचे इशारे मिळूनही उड्डाण चालू ठेवणाऱ्या वैमानिकाचा निर्णय त्यात आहे. आणि दंतचक्रांचा धोका ठाऊक असूनही तो उड्डाण करणाऱ्यांपर्यंत न पोहोचविणाऱ्या कार्यालयाचा दोषही आहे. आपल्याकडे काय घडते? ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूरनजीकच्या हेलिकॉप्टर अपघातात सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदाजण गेले. तीन वर्षांनी संसदीय समितीच्या अहवालात कारणाच्या रकान्यात जे उमटले ते एवढेच: मानवी चूक. जव्हार-मोखाड्याच्या घाटात बस कलंडली की ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर पंचनामा संपतो, तशातलाच हा प्रकार. ब्रेक केव्हा तपासले, कठडा केव्हा ढासळला, हे विचारावयाचे कोणी? दोष शेवटच्या हाताला लावला की त्यामागचे सारे हात आपोआप निर्दोष ठरतात.

मिग-२१ च्या बाबतीत हे मागचे हात कोणते? हे एका इंजिनाचे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकते. ध्वनीपेक्षा मंद अशा किरण विमानावर शिकलेल्या तरुणाला त्यावर बसविण्यापूर्वी मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत शिक्षणविमान हवे, हे ला फॉन्टेन समितीने १९८२ सालीच सांगितले होते. त्यासाठी हॉक विमानांचा करार झाला २००४ साली, आणि ती दाखल झाली २००८ मध्ये. मिग-२१ ची जागा घेण्यासाठी १९८३ साली मंजूर झालेल्या हलक्या लढाऊ विमानाची, म्हणजे तेजसची, पहिली तुकडी उभी राहिली २०१६ साली. न झालेल्या खरेदीची रक्कम अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसते; पण विलंबालाही किंमत असते. ती कोणत्याही खातेवहीत चढत नाही, म्हणून ती कोणीच भरली नाही असे मात्र नव्हे. ती भरली पंचवीस-तीस वर्षांच्या वैमानिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी.

आता त्याच ओझरला तेजसची नवी जुळणी सुरू झाली असून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. पुढच्याच महिन्यात दुबईच्या प्रदर्शनात एक तेजस कोसळले आणि त्याचा वैमानिक गेला. जून २०२४ मध्ये निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात सुखोई पडले होते. दोन्ही वैमानिक बचावले. नव्या विमानाला नवे टोपणनाव मिळावयास वेळ लागत नाही. ते टाळावयाचे तर देशाभिमानाच्या घोषणा पुरेशा नाहीत. उड्डाणतासांमागील अपघातांचे प्रमाण दरवर्षी संसदेपुढे यावे. युद्धगुपिते वगळून चौकशीचा सारांश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. आणि समित्यांच्या शिफारशी कोणाच्या मेजावर किती काळ पडून राहिल्या, हेही त्यात नोंदले जावे.

गुप्ततेने शत्रूपासून संरक्षण होत असेल. परंतु निष्काळजीपणाचे संरक्षण हा तिचा हेतू असू शकत नाही. मिग-२१ निवृत्त झाले. त्याला ज्या दिरंगाईने बदनाम केले, तीही त्याच्याबरोबर निवृत्त झाली काय, याचे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे.